होल्डरचा गुडघा

२०२१ च्या ऑगस्टात माझा धाकटा नववीत गेला आणि शाळेच्या फुटबॉल संघात होल्डर झाला. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मला आणि त्याच्या बाबाला आनंद झाला, पण होल्डर नक्की काय करतो हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहायला येऊन आम्हाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तरी अमेरिकन फुटबॉल आमच्या घरात शिरला नव्हता. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावरून बँड ऐकू यायचा, दिव्यांचा उजेड आकाशात दिसायचा, आणि आम्ही जेवणं उरकून झोपायच्या तयारीला लागायचो.

मग त्यानंच आम्हाला समजावलं. फील्ड गोल मारायचा असला, म्हणजे लाथेनं चेंडू दोन उंच खांबांमधून पाठवून गुण मिळवायचे असले, की स्नॅपर वाकून पायांमधून चेंडू मागे फेकतो, तो स्नॅप. साधारण सात यार्ड मागे एक जण एक गुडघा टेकून बसलेला असतो, तो होल्डर. तो चेंडू झेलतो, टोकावर उभा करतो, दोऱ्यांची बाजू किकरपासून पलीकडे फिरवतो आणि वरून एका बोटानं धरून ठेवतो. किकर धावत येऊन लाथ मारतो. स्नॅपपासून लाथेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद. याला प्लेस किक म्हणतात. कॉलेजमध्ये १९८९ पर्यंत चेंडूखाली छोटा गट्टू ठेवता यायचा, त्यानंतर फील्ड गोलसाठी तो बंद झाला. तेव्हापासून चेंडू थेट गवतावर, त्यामुळे होल्डरचा हात आणखीच महत्त्वाचा. किक बसली की सगळे किकरकडे धावतात. होल्डर आपला गुडघा झटकून बाहेर येतो.

सरावाला कोणीतरी चेंडू फेकणारं हवं होतं, म्हणून संध्याकाळी मागच्या अंगणात मी उभी राहू लागले. एकदा चेंडू टेकवता टेकवता त्यानं विचारलं, "आई, बॉल हातात असताना गुडघा जमिनीला लागला की प्लेअर डाउन होतो, खेळ तिथेच थांबतो. मी तर आधीपासूनच गुडघ्यावर असतो. मग मला डाउन का देत नाहीत?"

मी शाळेत इस्लामपूरला आणि पुढे सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळलेली. लग्नाआधी चार वर्षं तालुक्याच्या स्पर्धांना पंच म्हणूनही उभी राहिले होते. नियमाचा असा प्रश्न कानावर पडला की उत्तर मिळेपर्यंत मला चैन पडत नाही. त्या रात्री मी नियमपुस्तक शोधायला बसले.

पहिला गोंधळ पुस्तकाचाच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हायस्कूलच्या सामन्यांना हायस्कूलचं स्वतंत्र राष्ट्रीय नियमपुस्तक लागतं. टेक्सासमध्ये मात्र शाळकरी मुलंही कॉलेजच्या, म्हणजे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या नियमांनी खेळतात, त्यात राज्यानं काही मोजके फेरफार केलेत. म्हणजे शनिवारी टीव्हीवर लाखभर प्रेक्षकांसमोर जो नियम चालतो, तोच गुरुवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या चौदा वर्षांच्या पोराला लागू. रविवारच्या एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं, पुस्तक परत वेगळं. तिथे कोणाच्याही स्पर्शाविना घसरून पडलेला खेळाडू उठून पळू शकतो. कॉलेजमध्ये तसं नाही. हात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला, मग कोणी पाडलेलं असो वा स्वतःच घसरलेला असो, चेंडू तिथेच डेड, म्हणजे खेळ थांबला.

आणि त्याच कलमाच्या पोटात मला अपवाद सापडला. सहकाऱ्यानं प्लेस किकसाठी धरलेला चेंडू मारायच्या स्थितीत किकर असेल, किंवा त्यानं किकचा देखावा केला असेल, तर धरणाऱ्याचा गुडघा टेकलेला असूनही चेंडू जिवंत राहतो. तो चेंडू किक करता येतो, पास करता येतो, घेऊन पळता येतो.

मी सकाळी डब्याच्या वेळी त्याला हे वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "म्हणजे मी गुडघ्यावर बसूनच पास टाकू शकतो?" हो, टाकू शकतोस. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मला इस्लामपूरचं मैदान आठवलं. कबड्डीत चढाई करणारा पडला म्हणून बाद होत नाही. पाच जण त्याच्या अंगावर असू देत, त्याचा दम चालू आहे आणि बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं, तर तो वाचला आणि त्याला धरणारे बाद झाले. नवख्या प्रेक्षकाला वाटतं माणूस पडला म्हणजे संपलं. पंचाला तसं वाटून चालत नाही. तिथे मी बोटाकडे बघायला शिकले होते.

मग मुलानं मला एक जुना व्हिडिओ दाखवला. २२ सप्टेंबर २००७, बॅटन रूज, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्ध साउथ कॅरोलायना. एलएसयूनं फील्ड गोलची रचना लावली. होल्डर होता त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, मॅट फ्लिन. त्यानं गुडघ्यावरूनच चेंडू झेलला आणि मागे न बघता डोक्यावरून उडवला. किकर कोल्ट डेव्हिड लाथ मारायला न थांबता बाजूनं पळत होता, त्यानं तो झेलला आणि १५ यार्ड धावून गोल रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केला. आम्ही तो तुकडा थांबवून थांबवून पाहिला. मुलगा चेंडू बघत होता. मी पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला, होल्डरच्या बाजूला उभा असलेला माणूस बघत होते. त्याच्यासमोर चेंडू हातात घेतलेला खेळाडू गुडघा टेकून बसला होता, आणि त्यानं शिट्टी वाजवली नाही.

२०२१ च्याच डिसेंबरात आणखी एक गोष्ट घडली आणि पंच व्हायचा माझा निर्णय पक्का झाला. ४ डिसेंबरला शार्लटमध्ये पिट्सबर्ग आणि वेक फॉरेस्ट या कॉलेज संघांचा त्यांच्या एसीसी गटाचा अंतिम सामना होता, तो आम्ही दोघं सोफ्यावर बसून बघत होतो. पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट चेंडू घेऊन पळत सुटला, मध्येच त्यानं पाय पुढे टाकून घसरत बसण्याची हालचाल केली, बचाव करणारे थबकले, आणि हा बसलाच नाही. तसाच पळत जाऊन ५८ यार्डांचा टचडाउन. घसरणाऱ्या क्वार्टरबॅकला आदळायचं नाही हे त्या मुलांना शिकवलेलं असतं. ती नियम पाळत होती म्हणून फसली. काही दिवसांतच एनसीएएनं सगळ्या पंचांना कळवलं, की असं बसण्याचं सोंग केलं की तिथेच चेंडू डेड समजायचा.

मी बराच वेळ या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहत राहिले. पिकेटचा गुडघा जमिनीला लागलाच नाही, तरी यापुढे तो डाउन. होल्डरचा गुडघा जमिनीवरच आहे, तरी तो डाउन नाही. शरीर कुठे टेकलंय एवढ्यावर हा नियम भागत नाही, खेळाडू तिथे काय करायला आलाय हेही त्याला पाहावं लागतं. मला हे फार आवडलं. माणसांनी एकमेकांना जपत खेळता यावं म्हणून असे नियम कोणीतरी बसून, भांडून, विचार करून लिहिलेले असतात.

शाळेच्या सामन्यांत मध्यंतराला लाउडस्पीकरवरून पंच हवे असल्याचं सांगायचे. २०२२ च्या वसंतात मी नाव नोंदवलं. टेक्सासमध्ये तेव्हा हे काम टासो नावाच्या पंचांच्या राज्य संघटनेमार्फत चालायचं आणि तिच्या गावोगावी शाखा होत्या. फी भरली, पार्श्वभूमीची तपासणी झाली, उन्हाळ्यात आठवड्याला एक बैठक सुरू झाली. अर्जासोबत मी लिहून दिलं, की माझ्या मुलाच्या शाळेचे सामने मला देऊ नयेत. पहिल्या बैठकीला खोलीत चाळीसेक जण होते, त्यात बायका तीन. पुढच्या रांगेतला एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ उठला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "मॅम, यापूर्वी कुठला खेळ सांभाळलाय?" मी कबड्डी म्हटलं. त्यानं नाव परत उच्चारायला लावलं, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः व्हिडिओ बघून आला. पुढे माझ्या बहुतेक सामन्यांना रेफरी, म्हणजे मुख्य पंच, तोच होता. त्याच्याकडून मी जे शिकले ते पुस्तकात नव्हतं.

पुस्तकातलंही पुष्कळ होतं. प्लेस किकभोवती इतके बारकावे आहेत की उन्हाळाभर मी किराणा आणायला जाताना तेच घोकत असे. किक अडवली गेली आणि चेंडू स्नॅपच्या रेषेच्या अलीकडेच राहिला, तर तो दोन्ही संघांसाठी जिवंत, किक मारणाऱ्यांनाही उचलून पळता येतं. किक रेषेपलीकडे गेली, चुकली आणि पलीकडे कोणी तिला शिवलं नाही, तर चेंडू दुसऱ्या संघाला स्नॅपच्या जागी मिळतो, आणि ती जागा २० यार्डांच्या आत असेल तर २० वर. पण आखूड पडलेली किक समोरच्यानं झेलली, तर तो ती घेऊन पळू शकतो. ३० नोव्हेंबर २०१३ ला ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं अलाबामाच्या ५७ यार्डांच्या किकचं तेच केलं. घड्याळात एकच सेकंद उरलेला होता, तोही पंचांनी चित्रफीत तपासून परत ठेवलेला. गोल रेषेमागच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, खोल उभं राहून त्यानं चेंडू झेलला आणि अख्खं मैदान पार करून सामना ३४-२८ नं जिंकून दिला. बैठकीत तो तुकडा लावून आम्हाला विचारलं, की या धावेत गोलपोस्टखालच्या दोन पंचांनी कुठे बघायला हवं होतं. खोलीतल्या प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं.

टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या प्रयत्नाला ट्राय म्हणतात. त्यात किक अडवून चेंडू पलीकडे नेला तर बचाव करणाऱ्यांना २ गुण, हा नियम १९८८ पासूनचा. आणि १ गुणाची सेफ्टी नावाचाही एक प्रकार आहे. बहुतेक लोक जन्मभर फुटबॉल बघतात आणि त्यांना तो दिसत नाही. ३ जानेवारी २०१३ च्या फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात कॅन्सस स्टेटनं ऑरेगॉनची जादा गुणाची किक अडवली, त्यांच्याच खेळाडूनं चेंडू उचलला, तो स्वतःच्या एंड झोनमध्ये मागे गेला आणि तिथेच अडकला. ऑरेगॉनला १ गुण. त्याआधी २००४ मध्ये टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांच्या सामन्यात असंच झालं होतं. हा प्रश्न मला परीक्षेत हमखास येणार असं वाटलं होतं. आला नाही, पण तो पाठ केल्याचं मला वाईट वाटत नाही.

ऑगस्टात सराव सामने सुरू झाले. पारा ३८-३९ वर, काळी पँट, पट्ट्यांचा शर्ट, कमरेला पिवळा फ्लॅग आणि बीन बॅग, बोटांत अडकवायचा एक इलॅस्टिकचा पट्टा. संघाला पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्या प्रत्येक प्रयत्नालाही डाउनच म्हणतात; कितवा डाउन चालू आहे ते त्या पट्ट्याचा फास कुठल्या बोटात आहे यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी तो तिसऱ्या बोटात घालायला विसरले आणि चौथा डाउन तिसरा म्हणून सांगितला. हे लगेच सुधारलं. सुधारायला वेळ लागला तो शिट्टीला.

कबड्डीत शिट्टी माझ्या ओठांत असायची. चढाई संपली की लगेच, मनात शंका न आणता, जोरात वाजवायची. उशीर झाला तर मैदानावर मारामारी होते हे मी पाहिलेलं. इथे रेफरी दर सामन्यानंतर एकच सांगायचा, की आधी चेंडू शोध, तो कोणाच्या हातात आहे ते डोळ्यांनी बघ, मग वाजव. नियमानं चेंडू आधीच डेड झालेला असतो, शिट्टी फक्त ते इतरांना कळवते. म्हणून ती थोडी उशिरा आली तरी काही बिघडत नाही. लवकर आली तर मात्र जिवंत खेळ मरतो आणि तो परत आणता येत नाही. मी मान डोलवायची. कळलंय असं मला खरंच वाटत होतं.

सप्टेंबरातला एक गुरुवार. नववीच्या मुलांचा सामना, आम्ही चौघे पंच, मी लाइन जज, म्हणजे स्नॅपच्या रेषेवर नजर ठेवणारी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाहुण्या संघाचा चौथा डाउन, १२ यार्डांच्या रेषेवरून. त्यांनी फील्ड गोलची रचना लावली. या वयात हे क्वचित होतं, बहुतेक संघांकडे इतका भरवशाचा किकर नसतो. मी रेषेच्या टोकाला माझ्या जागी राहिले. रेफरी मागे, होल्डरच्या बाजूला. स्नॅप खाली आला, गवतावर आपटून उडाला. होल्डरनं तो दोन्ही हातांनी छातीशी दाबला. त्याचा गुडघा जमिनीवर होता. माझ्या डोळ्यांना फक्त तेवढंच दिसलं, हातात चेंडू आणि खाली गुडघा. आणि ओठांतली शिट्टी वाजली.

त्याच क्षणी त्या मुलानं गुडघ्यावरूनच चेंडू पलीकडच्या बाजूला टाकला. तिकडचा खेळाडू अगदी मोकळा होता. तो चालत चालत एंड झोनमध्ये गेला आणि चेंडू वर धरून उभा राहिला. त्याच्या बाकावरची मुलं उड्या मारत होती. मग एकेक करून ती थांबली, कारण रेफरी दोन्ही हात डोक्यावर हलवत माझ्याकडे येत होता.

त्यानं मला हळू आवाजात विचारलं, "शिट्टी वाजली तेव्हा बॉल कुठे होता?" मी सांगितलं, होल्डरच्या हातात. पंचाची शिट्टी चुकून वाजली तर काय करायचं याचंही कलम आहे. पास किंवा किक हवेत असताना वाजली तर डाउन पहिल्या जागेवरून परत खेळायचा. चेंडू कोणाच्या ताब्यात असताना वाजली तर त्या संघानं ठरवायचं, जिथे थांबला तिथून पुढे खेळायचं की डाउन परत घ्यायचा. टचडाउन देता येत नाही. चौथ्या डाउनवर सात यार्ड मागे थांबलेला चेंडू कोण स्वीकारणार? त्यांच्या प्रशिक्षकानं डाउन परत मागितला. त्यांनी किक मारली, ती डाव्या खांबाच्या बाहेरून गेली. तो सामना ते ४ गुणांनी हरले.

प्रशिक्षक ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. क्वार्टर संपल्यावर बाजू बदलताना तो होल्डर माझ्याजवळून गेला. हेल्मेटच्या जाळीतून त्याचा घामेजलेला चेहरा दिसत होता, माझ्या धाकट्याएवढाच. त्यानं विचारलं, "मॅम, मी होल्डर होतो ना? मग गुडघा चालतो ना?"

मी म्हटलं, "चालतो. तू बरोबर केलंस. चूक माझी झाली."

त्यानं "येस मॅम" म्हटलं आणि पळत गेला. ज्या नियमासाठी मी या खेळात आले, जो मी डब्याच्या वेळी माझ्या पोराला वाचून दाखवला होता, तोच मी त्या पोराच्या बाबतीत मोडला होता. पुस्तक मला पाठ होतं, पण माझ्या ओठांना ते पाठ नव्हतं.

त्या रात्री पार्किंगमध्ये रेफरीनं त्याच्या गाडीच्या बॉनेटवर एक कागद ठेवून मला आकृती काढून दाखवली. रेषेच्या टोकाला मी, मागे तो. "तिथला गुडघा माझा आहे," तो म्हणाला, "तुझी रेषा आहे. तू माझा गुडघा बघत होतीस तेव्हा रेषेकडे कोण बघत होतं?" खरंच कोणी नव्हतं. त्या खेळात कोणी ऑफसाइड होतं का, हे आजही मला सांगता येणार नाही. मग त्यानं त्याच्या बोटातली शिट्टी मला दाखवली. ती अंगठीसारखी दोन बोटांत बसते. वाजवायची तर हात तोंडापर्यंत न्यावा लागतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात डोळ्यांना चेंडू सापडतो. दुसऱ्या दिवशी मी तशी मागवली. ओठांतली सोडायला मला दोन महिने लागले. स्वयंपाक करतानासुद्धा मी ती बोटात घालून ठेवायची.

या काळात मी गुडघ्याच्या नियमाचा इतिहास जमेल तितका वाचला. डाउन हा शब्द पूर्वी खेळाडू स्वतः ओरडायचा. पकडला गेला, आता पुढे जाता येत नाही, म्हणून तो "डाउन" म्हणायचा आणि खेळ थांबायचा. आमच्याकडे चढाई करणारा दम चालू आहे हे ओरडून सांगतो, इथे दम संपल्याचं ओरडून सांगायचे. तेव्हा पडलेला खेळाडूही सरपटत पुढे जाऊ शकायचा, आणि त्याला थांबवायला त्याच्या अंगावर ढीग पडायचा. १९३१ च्या हंगामात मैदानावर मुलं दगावल्यानंतर कॉलेजच्या नियमांत मोठे बदल झाले, आणि १९३२ पासून हात-पाय सोडून दुसरं काहीही टेकलं की चेंडू डेड. म्हणजे गुडघा टेकणं ही पडलेल्या मुलाला दिलेली ढाल आहे, आता याच्या अंगावर जाऊ नका. हे कळल्यावर होल्डरचा अपवाद मला आणखी नीट समजला. त्याला ती ढाल नाही, कारण त्याच्या हातातला चेंडू अजून खेळात आहे. म्हणून त्याचं रक्षण वेगळ्या कलमानं केलंय. किकच्या वेळी होल्डरला आदळून पाडलं तर १५ यार्डांचा दंड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न. एका हातानं काढून घेतलेलं दुसऱ्या हातानं दिलंय.

पुढच्या हंगामात मला पोस्टखाली उभं राहायला मिळू लागलं. हायस्कूलच्या दोन खांबांमध्ये २३ फूट ४ इंच अंतर असतं. कॉलेजात १९९१ पासून १८ फूट ६ इंच. खांबाच्या अगदी खाली उभं राहून वर बघितलं की खांब आकाशात सरळ रेघ होऊन जातो आणि चेंडू त्या रेघेच्या अलीकडून गेला की पलीकडून, एवढंच सांगायचं असतं. मला ते काम फार आवडतं. किक येताना मैदानावर शांतता पसरते आणि चेंडू फिरताना त्याचा आवाज ऐकू येतो.

पण ज्या दिवसाबद्दल सांगायचंय त्या दिवशी मी पोस्टखाली नव्हते, रेषेवरच होते. २०२३ चा ऑक्टोबर, परत गुरुवार, परत चौघांचं पथक आणि तोच रेफरी. यजमानांनी टचडाउन केला आणि ३ यार्डांच्या रेषेवरून ट्रायसाठी किकची रचना लावली. मी रेषेकडे बघत होते. दोन्ही बाजू स्थिर. स्नॅप झाला. रेषेवर सगळं कायदेशीर होतं. मग डोळ्याच्या कडेला दिसलं, स्नॅप आखूड पडून उडाला होता, होल्डर पुढे झुकून तो गोळा करत होता, गुडघा खाली, चेंडू पोटाशी. पलीकडच्या बाकावरून आरडाओरडा झाला, "डाउन! ही इज डाउन!" माझा हात मांडीपाशी होता. तिथेच राहिला.

त्यानं चेंडू टेकवला. किकर एक पाऊल अडखळला, तरी त्यानं लाथ मारली. किक खालून गेली, कोणाच्या तरी तळहातावर आपटून मागे आली आणि आठ-दहा यार्डांच्या मधे गवतावर घरंगळू लागली. निम्मी मुलं थांबली. बचाव करणाऱ्यांपैकी एकानं तर हात वर करून आनंद साजरा करायला सुरुवात केली. पंचानं अशा वेळी कोणालाही काही सांगायचं नसतं, आम्ही फक्त बघायचं. होल्डर मात्र उठला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, शिट्टी झाली नाही हे त्याच्या लक्षात आलं, चेंडू उचलला आणि माझ्याच बाजूनं पळत सुटला. मी त्याच्यासोबत मागे मागे सरकत रेषेवर गेले. त्याचं पाऊल बाजूच्या रेषेच्या आत. चेंडू गोल रेषेपलीकडे. कोपऱ्यातला नारिंगी पायलॉन हललाही नाही. मी चेंडू त्याच्या हातात आहे हे बघितलं, मग बोट ओठांकडे नेलं, वाजवलं, आणि दोन्ही हात सरळ वर केले.

२ गुण.

पाहुण्यांचा प्रशिक्षक रेषेपाशी आला. "मॅम, त्या पोराचा गुडघा टेकलेला होता. मी स्वतः पाहिला."

"मीही पाहिला, कोच," मी म्हटलं. "स्नॅपच्या वेळी तो किकसाठी चेंडू धरायला बसला होता, म्हणून त्याच्या गुडघ्यानं बॉल डेड होत नाही. आणि किक रेषेच्या अलीकडेच अडली, म्हणून ती दोन्ही संघांसाठी जिवंत होती. तुमच्या मुलांनाही उचलता आली असती."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग मागे वळून ज्या मुलानं हात वर केले होते त्याला जवळ बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी समजावू लागला. रेफरी माझ्याजवळून जाताना टोपीच्या कडेला बोट लावून गेला. मी पट्ट्याचा फास परत पहिल्या बोटात घातला आणि किकऑफसाठी माझ्या जागी चालू लागले.